शिक्रापूरला गेलात तर या दुकानांतही डोकवा

केंदूर-पाबळच्या पट्ट्यातला माणूस शिक्रापूरला जातो तो कामापुरता. खताची गोणी, मोटारीचं वायंडिंग, दवाखाना, नाहीतर बँक. काम झालं की चौकात वडापाव खायचा, चहा घ्यायचा आणि गाडीला किक मारायची. पण शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या चाळींच्या गल्ल्यांत गेल्या काही वर्षांत दुसरीच बाजारपेठ उभी राहिली आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल, आसाम, शिवाय नेपाळहून कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची किराणा दुकानं, खानावळी आणि हातगाड्या. माझं सांगणं सरळ आहे : तिथं जा, विचारा, थोडं विकत घ्या. खिशाला परवडेल असं चांगलं खाणं तिथं मिळतं.

‘त्यांचं काय खायचं,’ असं म्हणणाऱ्यांना एक विचारतो. खोल्या बांधल्या आपण, त्यांचं भाडं घेतो आपण, मग त्यांच्या चुलीवरचंच काय वावडं? आपली पोरं अमेरिकेत गेली की भाकरीच्या पिठासाठी पटेलांचं दुकान शोधतात. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर ‘पटेल ब्रदर्स’ 1974 साली सुरू झालं, ते अशाच घरच्या चवीच्या ओढीवर. सणसवाडीतला बिहारी वाणी वेगळं काही करत नाही.

सुरुवात सत्तूपासून करा. भाजलेल्या हरभऱ्याचं हे पीठ. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो आणि आपण ते गूळ घालून खातो. बिहारी माणूस नुसत्या हरभऱ्याचं पीठ मीठ-मिरची लावून पितो. दोन मोठे चमचे पीठ आधी थोड्याच पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या राहतात. मग गार पाणी, लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला कांदा. कांद्याला आपल्याकडे काय तोटा! चैत्र-वैशाखात रानात जाणाऱ्यानं सकाळी हा पेला घेतला तर दुपारपर्यंत पोट धरून राहतं. शंभर ग्रॅम सत्तूत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. तालमीतली पोरं चकचकीत डब्यातल्या पावडरीवर हजारो रुपये घालवतात, त्यांच्या आईबापांनी हे जरूर वाचावं. मात्र पीठ ताजं घ्या, नाकाला लावून बघा. खवट वास आला तर तिथंच परत द्या.

याच सत्तूचं सारण भरलेली लिट्टी गाड्यावर मिळते. सारणात लसूण, आलं, ओवा, कांदा आणि मोहरीच्या तेलाचा हात. गव्हाच्या कणकेचा गोळा निखाऱ्यावर फिरवत भाजतात, राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात. सोबत चोखा, म्हणजे भाजलेलं वांगं, टोमॅटो आणि उकडलेला बटाटा कुस्करून. विदर्भातले पानगे ज्यांनी खाल्लेत त्यांना ही ओळख लगेच पटेल. रिकाम्या गाड्यापेक्षा जिथं त्यांचीच माणसं दाटीनं उभी आहेत तो गाडा निवडा. सुटीच्या दिवशी संध्याकाळी हे सहज कळतं.

मोहरीच्या तेलाबाबत मात्र सावध राहा. सुटं तेल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि अंगावर सूज येऊन साठावर माणसं दगावली. बंद बाटली घ्या, तिच्यावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख पाहा. घरी आणल्यावर धूर निघेपर्यंत तापवून मग फोडणी द्या, म्हणजे उग्रपणा उतरतो. पहिल्या दिवशी घरात ओरड होणारच. वांग्याच्या काचऱ्यांना किंवा मासळीला वापरून बघा, मग काय ते ठरवा.

मोमोची गाडी आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. 1959 नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले, त्यांनी आणि नेपाळी लोकांनी हा पदार्थ देशभर नेला. वाफवलेलाच घ्या, तळलेल्यात तेल किती वेळा उकळलंय ते कळत नाही. चायनीजच्या गाडीवरचा लालभडक रंग तर मला कधीच रुचला नाही. आणि ज्याला आपण चिनी म्हणतो ते मंचुरियन मुंबईचं, 1975 च्या सुमारास नेल्सन वँग यांनी केलेलं. मंचुरियात ते शोधायला जाऊ नका.

केंदूर हे कान्होराज महाराज पाठकांचं गाव, गळ्यात माळ असलेली घरं पुष्कळ. माळकऱ्यांनी विचारायला लाजू नये. भाजीचे आणि चिकनचे मोमो एकाच भांड्यात वाफवता का, हे स्पष्ट विचारा. पुण्यातल्या मोठ्या दुकानातून कोरियन शेवयांचं पाकीट किंवा थाई सॉस आणलात तर हिरवा ठिपका बघा. नुसतं भाजीचं चित्र बघून भुलू नका, आत मासळीचा अर्क असू शकतो. परदेशी पाकिटावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता नसेल तर ते घेऊ नका.

आता शेतकऱ्यांसाठी. या दुकानदारांशी बोललात तर त्यांचं गिऱ्हाईक काय मागतं ते समजेल. मोहरीची कोवळी पानं, पोई, दुधी, कोहळा, परवल. यातलं परवल सोडलं तर बाकी आपल्या रानात सहज येतं. गव्हाच्या कडेनं मोहरी टाकायची पद्धत तर आपल्याकडे जुनीच. मोठं धाडस करू नका. आधी दोन दुकानदारांना विचारा, एखादा वाफा लावा, माल खपतोय असं दिसलं तरच क्षेत्र वाढवा. पाणी आपल्याकडे मोजकं आहे, हे विसरून चालणार नाही.

बोलताना ‘ए भैया’ म्हणू नका. ‘दादा’ म्हटलं की तो दोन गोष्टी जास्त सांगतो. पुढच्या खेपेला खताची गोणी गाडीत टाकलीत की अर्धा तास काढा आणि पावशेर सत्तू घ्या. कसा करायचा ते त्याच दुकानदाराला विचारून या.