सूर्यफुलाच्या वाटेने इंग्रजीकडे

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचे शिक्षण सुरू झाले. पाव शतक लोटले, तरी ज्या घरांतील पहिलीच पिढी शाळेची पायरी चढते, त्या घरांत इंग्रजी शब्दाचे भय अद्याप ओसरलेले नाही. त्याचे एक कारण आम्हांस शिकविण्याच्या रीतीत दिसते. ‘सनफ्लॉवर’ हा शब्द मुले नऊ सुट्या अक्षरांची माळ म्हणून घोकतात. एक मणी निसटला की सारी माळ विखुरते.

वास्तविक हा शब्द फोडून पाहावा. अर्थाने त्याचे दोन भाग पडतात : ‘सन’ म्हणजे सूर्य आणि ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल. उच्चाराने मात्र तीन : सन-फ्लाव-अर. हे तुकडे मोजावयाचे ते ऐकू येणाऱ्या स्वरांवरून, लिहिलेल्या अक्षरांवरून नव्हे. देवनागरीत हाच शब्द लिहिला की पाच अक्षरे दिसतात आणि मुले पाच टाळ्या वाजवितात. गोंधळ येथेच होतो.

आता आपले ‘सूर्यफूल’ घ्या. लिहिण्यात अक्षरे चार. बोलण्यात शेवटच्या ‘ल’मधील ‘अ’ लोपतो आणि सूर्-य-फूल असे तीनच ठोके उरतात. अर्थाचे भाग येथेही दोनच. दोन्ही भाषांनी एकाच फुलाचे नाव एकाच रीतीने गुंफले आहे. वंदनेच्या वेळी ‘बुद्धं’ हे पद आपली मुले बुद्-धं असे दोन ठोक्यांत, कोणी न शिकविता म्हणतात. ज्या कानांना हे विभाजन अवगत आहे, त्यांना इंग्रजी शब्द परका का वाटावा? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व मिळविले आणि पालीचा शब्दकोशही सिद्ध केला. एक भाषा दुसरीच्या आड येत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, स्पेलिंग पाठ करून घेण्यापूर्वी मुलांना शब्द कानाने फोडू द्यावा, टाळीने मोजू द्यावा आणि मग अर्थाचा सांधा दाखवावा. पालकांना इंग्रजी येत नसेल, पण ‘सूर्यफूल’ येते. घरच्या अभ्यासाचा आरंभ तेथून करता येईल. नवी मुंबईत नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी रविवारचा एक तास वसतिगृहातील मुलांना द्यावा आणि त्यांच्यासोबत असे शब्द फोडावेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने एवढा संकल्प झाला, तरी पुष्कळ मुलांची भीती मावळेल.