विमानतळावर थांबणारी गावची बस

परक्या देशात पाहुण्याचे पहिले पाऊल पडते ते विमानतळावर. पण त्या देशाची खरी ओळख होते ती विमानतळापासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्स येथे आहे आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येला, सुमारे पन्नास किलोमीटरांवर. बहुतेक पर्यटक टॅक्सीने किंवा हॉटेलच्या गाडीने थेट समुद्रकिनारा गाठतात. त्यांनी पाहिलेले बेट आणि तेथील माणसे राहतात ते बेट, ही दोन निरनिराळी असतात.

त्याच विमानतळावर एक साधी बसही येते. ती विमानप्रवाशांसाठी मुद्दाम काढलेली नव्हे. माहेबूर या किनाऱ्यावरच्या गावाहून निघून, विमानतळाला वळसा घालून, उसाच्या शेतांमधून रोझ बेल आणि पठारावरचे क्युरपीप घेत ती पोर्ट लुईला जाते. विमानतळ हा तिच्या वाटेवरचा केवळ एक थांबा. मोठ्या पेट्या घेऊन चढणाऱ्याची तीत सोय बेताचीच. रात्रीच्या विमानाने उतरणाऱ्याला तर तिचा उपयोगच नाही. परंतु तिच्यात विद्यार्थी असतात, नोकरीवर निघालेली माणसे असतात, बाजाराला चाललेल्या आजीबाई असतात. यांपैकी विद्यार्थी आणि आजीबाई यांना तिकीट पडत नाही. २००५ सालापासून विद्यार्थी व वृद्ध यांचा बसप्रवास तेथे मोफत आहे आणि त्याचा भार सरकार उचलते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मॉरिशसचे उदाहरण आवर्जून सांगावे लागते. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स मीड यांनी १९६१ साली या बेटाच्या भवितव्याचे चित्र मोठे निराशाजनक रेखाटले होते. वाढती लोकसंख्या आणि उसासारखे एकच पीक, यांतून वाट निघणे त्यांना कठीण वाटत होते. ते भाकीत खोटे ठरले. त्याची कारणे अनेक आहेत; पण माणसांवर केलेला खर्च हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होय. १९७७ साली तेथे माध्यमिक शिक्षण मोफत झाले. परंतु शाळा मोफत आणि शाळेपर्यंतचा प्रवास मात्र खिशातून, ही सवलत अर्धीच ठरते. ती पुढे बसने पूर्ण केली.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की श्रीमंत वृद्धालाही फुकट प्रवास कशासाठी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण श्रीमंत वृद्ध मोटारीतून फिरतो. बसच्या रांगेत तो सहसा उभा राहत नाही. उत्पन्नाचे दाखले न मागताही ही सवलत बव्हंशी गरजूलाच पोहोचते. खरा धोका निराळाच आहे. मध्यमवर्ग मोटारीत बसू लागला, की बसच्या दुरवस्थेविषयी आवाज उठविणारा कोणी उरत नाही. भारताच्या साहाय्याने उभी राहिलेली तेथील मेट्रो २०२० साली सुरू झाली, २०२२ साली क्युरपीपला पोहोचली. विमानतळापर्यंत ती अद्याप गेलेली नाही. तोवर दक्षिणेकडच्या गावांना ही बसच आधार आहे. बसच न आली तर मोफत तिकिटाची किंमत शून्य!

हे आपल्यालाही लागू पडते. आपल्या एस.टी.ने २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, २०२३ साली महिलांना निम्मे भाडे माफ केले. निर्णय स्वागतार्हच, पण सवलत जाहीर करणे सोपे, गाडी वेळेवर सोडणे कठीण. आणि विमानतळाचा आराखडा करताना मोटारतळाची जागा आधी आखली जाते, बसथांब्याची आठवण शेवटी होते. विमानतळावर केवळ विमानाने उडणारेच जातात, अशी जणू आपली समजूत आहे. तेथे झाडलोट करणारा, हमाली करणारा, पहाऱ्यावर उभा राहणारा रोज कसा येतो, हे कोणी विचारीत नाही.

मॉरिशसच्या बसमध्ये आणखी एक अर्थ दडलेला आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढील दशकांत आलेल्या मजुरांत आपल्या कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर अटक ठरलेली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांतील एखादे आजोबा आज ओळखपत्र दाखवून बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनामूल्य जातात. जो कागद एके काळी माणसाला जागच्या जागी डांबून ठेवी, तोच आज त्याला वाट मोकळी करून देतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत या फरकाची नोंद होत नाही. स्वातंत्र्याच्या हिशेबात मात्र ती झालीच पाहिजे.