वाघ, शेळी आणि गवताची पेंढी



मागच्या अंकात घातलेले कोडे आठवत असेल. एका माणसाला नदीपलीकडे जायचे आहे. बरोबर वाघ, शेळी आणि गवताची पेंढी. होडी एवढीशी, की वल्हवणारा माणूस आणि या तिघांतले एकच काय ते मावते. माणूस जवळ नसला की वाघ शेळीला खाणार आणि शेळी गवताला. तिघेही धडपणे पलीकडे कसे न्यायचे?

उत्तरे पुष्कळ आली. काहींनी शेळीला मुसके बांधले, कोणी पेंढी झाडावर टांगली. एका ताईंनी तर 'वाघ घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाचे डोके आधी तपासा' असे कळवले. ताईंचे म्हणणे मला मनापासून पटते, पण कोड्यात ते चालायचे नाही. मुसके नाही, दावे नाही, झाडही नाही. हाताशी आहे तेवढ्यातच भागवायचे. हंगामात आपण दुसरे काय करतो?

आता उत्तर. घरी मुले असतील तर त्यांना जवळ बोलवा. वाघ म्हणून चिंचोका घ्या, शेळी म्हणून हरभऱ्याचा दाणा, गवत म्हणून काडी आणि होडी म्हणून काडेपेटीचे खोके.

आधी कोणाचे कोणाशी जमत नाही ते पाहा. वाघाचे गवताशी भांडण नाही. दोन्ही भांडणांत शेळी आहे. म्हणून पहिल्या खेपेला शेळीच न्यायची, दुसरे काहीही नेले तरी मागे घोटाळा होतो. शेळी पलीकडे सोडून माणूस रिकामा परत आला. तिसऱ्या खेपेला वाघ नेला. इथे गाडी अडते. वाघाला शेळीपाशी सोडून परतावे तर शेळी गेली. वाघाऐवजी गवत नेले असते तर गवत गेले असते. बहुतेकांनी इथेच हात टेकले.

तोड अशी, की वाघ उतरवायचा आणि शेळीला होडीत घालून परत अलीकडे आणायचे. एकदा नेलेला माल माघारी आणायचा हे मनाला पटत नाही, म्हणून ते सुचतही नाही. अलीकडे शेळी उतरवून गवत पलीकडे न्यायचे, वाघापाशी ठेवायचे, रिकामे परतायचे आणि शेवटी शेळी न्यायची. जाण्याच्या चार खेपा, येण्याच्या तीन, एकूण ७. तिसऱ्या खेपेला वाघाच्या जागी गवत आणि पाचव्या खेपेला गवताच्या जागी वाघ नेला तरी चालते. दोन्ही प्रकारे लिहिणाऱ्यांचे उत्तर बरोबर.

एका शाळकरी मुलाने विचारले आहे, की ५ खेपांत जमणार नाही का? प्रश्न झकास आहे. तीन वस्तू न्यायला जाण्याच्या तीन खेपा लागतातच, त्यांच्यामध्ये येण्याच्या दोन. म्हणजे ५ खेपांत काम उरकायचे तर परतताना होडी दोन्ही वेळा रिकामीच हवी. पण पहिल्यांदा शेळी नेल्यावर दुसऱ्यांदा काहीही नेले, तरी रिकामे परतताच भांडण जुंपते. म्हणून ५ खेपा होत नाहीत. खेपांची संख्या विषमच येणार, तेव्हा ७ ला पर्याय नाही.

बीजप्रक्रिया करतानाही असाच क्रम सांभाळावा लागतो. हरभऱ्याच्या बियाण्याला बुरशीनाशक आधी, कीटकनाशक लावायचे असेल तर त्यानंतर, आणि रायझोबियम सगळ्यांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, सावलीत सुकवून. एकाच घमेल्यात सगळे कालवले तर औषध जिवाणूंना मारते आणि पाकिटाचे पैसे वाया जातात.

हे कोडे फार जुने आहे. युरोपात शार्लमेन राजाच्या दरबारी आल्क्विन नावाचा विद्वान शिक्षक होता. तो इ. स. ८०४ मध्ये वारला. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात हे सापडते. तिथे लांडगा, शेळी आणि कोबी आहेत.

मला मात्र आवडते ते आफ्रिकेतल्या झांबियातील इला लोकांचे कोडे. त्यांच्या माणसाजवळ बिबट्या, शेळी, उंदीर आणि धान्याची टोपली आहे. होडीत पुन्हा एकच मावते. बिबट्या शेळीला खाणार, शेळी धान्याला आणि उंदीरही धान्याला. चिंचोके मांडून बघा, पहिली खेपच निघत नाही. काहीही उचला, मागे एक तरी भांडण उरतेच. मग एखादे टाकून जावे का? इला लोकांच्या उत्तरात तो माणूस म्हणतो, ही मला पोरांसारखी आहेत, आणि अलीकडेच राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा गोठ्यातली जनावरे टाकून येत नाही म्हणून अडून बसलेली माणसे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांनी पाहिली आहेत. त्यांना वेडे म्हणवत नाही. पण पाणी दाराशी आल्यावर हे कोडे सुटत नाही, ते आदल्या दिवशीच सोडवावे लागते. इशारा मिळताच जनावरे उंचावर न्यावीत. तेवढा वेळ नसेल तर निदान दावी सोडावीत. बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते, मोकळे निदान पोहते.

आणि होडीचा नियम कोड्यापुरता नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे काढणारी बोट उलटली. तीत झेपतील त्याहून जास्त माणसे बसली होती. नावाड्याने पुरे म्हटले की काठावरच थांबावे, मग होडीत आपला सख्खा भाऊ का बसलेला असेना. खेप वाढली तर वाढू द्या.

आता या वेळचे कोडे, तेही आल्क्विनच्याच संग्रहातले. नवरा-बायको प्रत्येकी ६० किलो वजनाचे, दोन मुले प्रत्येकी ३० किलोची. होडी ६० किलोच पेलते. वल्हवता चौघांनाही येते. सगळे पलीकडे कसे जातील आणि किती खेपा होतील? एवढेच सांगतो, की मुलांचे हात जास्त दुखणार आहेत. उत्तर पुढील अंकी.