पत्रांतील सावित्रीबाई आणि रंगमंचावरील ‘मी’

मराठीत एकपात्री प्रयोगाची चर्चा बहुधा लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’पाशी सुरू होते आणि एका नटाने किती पात्रे उभी केली, या कौतुकात संपते. एकाच ऐतिहासिक व्यक्तीचा ‘मी’ धारण करणारा प्रयोग त्याहून वेगळा प्रश्न उपस्थित करतो : हा ‘मी’ कोणाचा? सुषमा देशपांडे यांनी लिहिलेल्या आणि १९८९ पासून सादर केलेल्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’च्या संदर्भात हा प्रश्न विचारला पाहिजे. या प्रयोगाचे सामाजिक मोल वादातीत आहे. परंतु पदव्युत्तर विद्यार्थी त्यातील वाक्ये सावित्रीबाईंचीच म्हणून उद्धृत करू लागतात, तेव्हा शिक्षकाला गप्प राहता येत नाही.

सावित्रीबाईंचे स्वतःचे शब्द काही दुर्मीळ राहिलेले नाहीत. गारगोटीचे डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्येच प्रसिद्ध झाले. १८५४ चा ‘काव्यफुले’ हा संग्रह त्यात आहे; जोतीरावांना १८५६, १८६८ आणि १८७७ मध्ये लिहिलेली पत्रेही आहेत. या पत्रांची भाषा घडीव, ग्रांथिक आहे. नाटकाच्या शीर्षकातला ‘व्हय’ त्या भाषेतला नव्हे. तो लेखिकेने केलेला अन्वयार्थ आहे आणि तो समर्थनीयही आहे, कारण त्या एका शब्दाने खेड्यातील प्रेक्षक स्त्री आणि सावित्रीबाई यांच्यातले अंतर मिटते. मात्र ज्या लेखनभाषेवर शूद्रातिशूद्रांचा अधिकारच नाकारला गेला होता, ती एका स्त्रीने कमावली, हे कर्तृत्व बोलीच्या आपुलकीत थोडे झाकले जाते, असे मला वाटते.

दुसरा भेद संबोधिताचा. नायगावहून लिहिलेल्या १८६८ च्या पत्रात गणेश आणि शारजा या भिन्न जातींच्या प्रेमी जोडप्याला गावकरी मारावयास निघाले असता आपण मध्ये पडून त्यांना कसे वाचविले, हे सावित्रीबाई सांगतात. प्रसंग मुळातच नाट्यमय आहे. पण हे सांगणे एकट्या जोतीरावांना आहे. त्यांना आपल्या कार्याची भूमिका समजावून देण्याची गरजच नाही. रंगमंचावर समोर अनोळखी समुदाय असतो. तेथे पूर्वपीठिका द्यावी लागते, आवाहन करावे लागते. कीर्तनकार आख्यान लावताना जे करतो, त्याच्या जवळचे हे काम आहे. पत्रातला संयम तेथे टिकेलच असे नाही, आणि तो टिकावा अशी अपेक्षाही धरू नये.

म्हणून एम. ए.च्या वर्गात ही संहिता चरित्रसाधन म्हणून न लावता समग्र वाङ्मयाच्या शेजारी ठेवून शिकवावी. आरंभ १८५६ च्या पत्राने करता येईल. अस्पृश्यांना शिकविण्याबद्दल दोष देणाऱ्या भावाशी झालेला वाद त्यात आहे, म्हणजे संवादही पत्रातच तयार आहे. विद्यार्थ्यांनी आधी ते पत्र मोठ्याने वाचावे आणि त्यानंतरच संहिता हाती घ्यावी.