विश्लेषण : समुद्रातल्या चक्रीवादळाचा वारा उपग्रह कसा मोजतो?

मे २०२१ मध्ये आलेले तौक्ते चक्रीवादळ पालघर जिल्ह्यात धडकले नव्हते. मुंबईपासून शंभर-दीडशे किलोमीटर अंतर राखून ते उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीव-उना परिसरात जमिनीवर आले. तरीही भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा शिरगावच्या दक्षिणेला, वडराईजवळ येऊन अडकला. त्यावरील १३७ जणांची सुटका झाली. मुंबई हाय परिसरात बुडालेल्या ‘पापा-३०५’ तराफ्यावरील २६१ पैकी १८६ जणच वाचले. त्यामुळे शिरगाव, सातपाटीच्या मच्छीमारांसाठी वादळाच्या केंद्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, जोराचा वारा केंद्रापासून किती दूरवर पसरला आहे हा.

भर समुद्रात वारा मोजतो कोण?

प्रत्यक्ष मोजणारे जवळपास कोणीच नसते. तरंगती उपकरणे मोजकी, आणि इशारा मिळताच जहाजे बाजूला होतात. अटलांटिकमध्ये अमेरिका वादळात विमाने पाठवते, तशी नियमित सोय अरबी समुद्रात नाही. म्हणून हवामान विभाग उपग्रहाच्या छायाचित्रांतील ढगांच्या रचनेवरून तीव्रतेचा अंदाज बांधतो. १९७० च्या दशकातली ही ‘ड्वोरॅक’ पद्धत आजही उपयोगी आहे, पण ढगांचा माथा पाहून खाली पाण्यालगत किती वारा आहे हे ठरवणे शेवटी अनुमानच.

मग रडार काय पाहते?

वारा नव्हे, पाणी! वाऱ्याने पाण्यावर काही सेंटीमीटर लांबीच्या बारीक लहरी उठतात. ‘स्कॅटरोमीटर’ हे रडार खाली सूक्ष्मलहरी सोडते. पाणी शांत असेल तर त्या आरशावरून जाव्यात तशा पलीकडे निघून जातात. पृष्ठभाग खडबडीत असेल तर काही परत येतात. परतीचा संकेत जितका जोरकस, तितका वारा अधिक. तोच भाग वेगवेगळ्या कोनांतून पाहिला की दिशाही कळते. रात्र असो वा ढग, अडथळा येत नाही.

अडचण नेमकी वादळाच्या पोटात येते. ताशी साधारण १०० किलोमीटरच्या पुढे वारा वाढला तरी संकेत फारसा वाढत नाही. स्पीकरचा आवाज एका मर्यादेपलीकडे नेला की नुसती खरखर होते, तसेच काहीसे. मुसळधार पाऊसही मोजणी बिघडवतो. शिवाय एकेक मोजमाप साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनाचे, त्यामुळे डोळ्याभोवतीचे अरुंद, सर्वांत घातक कडे त्यात पुसट होते.

यावर उतारा म्हणजे ‘सिंथेटिक अपर्चर रडार’. युरोपच्या सेंटिनेल-१ सारखे उपग्रह आडव्या-उभ्या ध्रुवीकरणाची सांगड घालून फुटणाऱ्या लाटा व फेस टिपतात. तो संकेत प्रचंड वाऱ्यातही वाढत राहतो आणि तपशील किलोमीटरभरापर्यंत मिळतो. मात्र त्यांचा पट्टा अरुंद. ऐन वादळावरून नेमक्या वेळी उपग्रह जाणे हा बराचसा योगायोग.

भारताकडे काय आहे?

‘ओशनसॅट-२’ (२००९) आणि ‘स्कॅटसॅट-१’ (२०१६) यांनी हे काम केले. स्कॅटसॅटचे उपकरण फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद पडले आणि पुढचा उपग्रह ‘ईओएस-०६’ थेट २६ नोव्हेंबर २०२२ ला झेपावला. तौक्ते नेमके याच खंडात आले. परदेशी उपग्रहांची माहिती मिळत होती, त्यामुळे अंदाज अडला नाही. पण ध्रुवीय कक्षेतला एक उपग्रह एका जागेवरून दिवसातून जेमतेम दोनदा जातो; अशा वेळी एक डोळा कमी असणे परवडणारे नाही. जुना उपग्रह बंद पडण्याआधीच नवा तयार हवा.

पालघरच्या किनाऱ्याला उपयोग किती?

दूरच्या वादळात भरपूर. ताशी ६२ किलोमीटरचा, म्हणजे ‘चक्रीवादळ’ म्हणवणारा वारा कुठवर पोहोचला, हे स्कॅटरोमीटर चांगले दाखवतो. तिथे संकेत अजून अडलेला नसतो. किनाऱ्यालगत मात्र जमिनीचा संकेत मिसळतो, आणि शेवटच्या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यातली मोजणी भरवशाची राहत नाही. तिथे मुंबईचे डॉप्लर रडार आणि किनाऱ्यावरील वेधशाळांवरच भिस्त असते.

हवामान विभागाच्या चक्रीवादळ पत्रकात २८, ३४, ५० आणि ६४ नॉट वारा केंद्रापासून चारही दिशांना किती अंतरावर आहे, याचे कोष्टक असते. वाहिन्यांवर ते क्वचितच दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंदरावर बावटा चढला की ते उघडून आपल्या दिशेचा आकडा पाहावा.