अनलिमिटेडची मर्यादा

'अनलिमिटेड' ब्रॉडबँडच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत अनेकदा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. आकडा मोठाच आहे: नेटफ्लिक्सवरचं फोर-के चित्र तासाला साधारण ७ जीबी घेतं, म्हणजे रोज १५ तास पाहिलं तरी महिना निघतो. पण घरातल्या सीसीटीव्हीचं क्लाउडवर चढणारं चित्रण, फोटोंचा बॅकअप, भलेमोठे गेम हेही त्यातच मोजले जाऊ शकतात. मर्यादा ओलांडली की जोडणी तुटत नाही, वेग घसरतो. तो ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असं दूरसंचार नियामक 'ट्राय'नं कंपन्यांना २०१६मध्ये बजावलं. ५०, ९० आणि १०० टक्के डेटा वापरला जाताच ग्राहकाला कळवण्याचं बंधनही घातलं. तरी ५१२ केबीपीएसवर मुलांचा ऑनलाइन वर्ग धड चालत नाही. म्हणून जोडणी घेतानाच विचारावं: मर्यादेनंतर वेग किती?