गंज घालवा, खुणा नकोत!

फॉस्फेटिंग म्हटलं की आपल्याला पेंटच्या आधी पत्र्याला दिला जाणारा थर आठवतो. पण या प्रोसेसने बंदुकाही वाचवल्या आहेत. १९०६ मध्ये कॉस्लेट या इंग्रजाने तिचं पेटंट घेतलं, १९१५ मध्ये डेट्रॉइटला पार्कर कंपनी निघाली, आणि अमेरिकेत तिचं नावच ‘पार्करायझिंग’ पडलं.

कृती सोपी आहे. फॉस्फोरिक ॲसिड आणि मँगनीज किंवा झिंक फॉस्फेटचं द्रावण उकळीच्या जवळ आणायचं आणि त्यात पोलादी भाग बुडवायचे. ॲसिड वरचं लोखंड थोडंसं खातं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, पृष्ठभागालगतची आम्लता घटते आणि न विरघळणारं फॉस्फेट तिथेच स्फटिकरूपाने बसतं. गंमत म्हणजे हा करडा थर एकटा फारसं संरक्षण देत नाही. तो सच्छिद्र असल्यामुळे तेल धरून ठेवतो. खरा पहारेकरी ते तेल!

आता माझा आक्षेप. अमेरिकेत काही हौशी मंडळी जुन्या स्प्रिंगफील्ड किंवा गॅरँड रायफली घरीच ‘नव्यासारख्या’ करतात. बुडवण्याआधी सँडब्लास्टिंग होतं. वाळूला गंज आणि तपासनिसाचा शिक्का यांतला फरक थोडाच कळतो? कडा बोथट होतात, अक्षरं पुसट होतात. त्यात १९०३ च्या मॉडेलच्या सुरुवातीच्या रायफलींना मुळात ब्लूइंग होतं. पार्करायझिंग आलं ते १९१८ च्या सुमारास. आधीच्या रायफलीला करडा थर देणं म्हणजे चक्क खोटा इतिहास लिहिणं.

कुणी म्हणेल, सैन्याच्या कारखान्यांनीही रायफली पुन्हा फॉस्फेट केल्याच ना? केल्या. पण त्या सैनिकाच्या हातात, चिखलपाण्यात जायच्या होत्या. शिवाय दुरुस्तीनंतर बऱ्याचदा दस्त्यावर कारखान्याचा शिक्का मारला जाई, म्हणजे बदलाची नोंद राहिली. हौशी माणूस कसली नोंद ठेवतो?

मूळ फिनिश पार गेलं असेल आणि रायफल रेंजवर वापरायची असेल, तर जरूर फॉस्फेट करा. आधी फोटो काढा, काय केलं ते लिहून ठेवा. पण मूळ थर थोडा जरी शिल्लक असेल तर मऊ फडकं आणि तेल, बस्स!

आपण उद्या इंजिनिअर म्हणून पुलांना, यंत्रांना, जुन्या वस्तूंना हात लावणार. थर केव्हाही चढवता येतो. घासून गेलेला शिक्का परत येत नाही. मग घाई कशाला?